सहज

आमच्या घरात पणजोबांविषयी दोनच गोष्टी ठाऊक. ते जुन्या मिलमध्ये मागावर होते आणि 1930 च्या सोलापूरच्या मार्शल लॉत त्यांनी एका गोऱ्या सोजिराला पळवून लावलं. पहिली खरी असावी. दुसरीचं काय सांगावं! मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन असे चौघे 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फासावर गेले, आणि त्यांच्या खांद्याला खांदा लावून लढलेले पणजोबा मात्र सोलापुरात गल्लोगल्ली निघतात. त्या मे महिन्यात घरात बसून राहिलेल्या एकाही माणसाचा पणतू मला अजून भेटलेला नाही.

रिटायर झाल्यावर म्हटलं, एकदा कागदावर बघू.

जन्ममृत्यूच्या जुन्या रजिस्टरांसाठी एका कार्यालयात गेलो. कारकुनाने चष्म्यावरून पाहिलं.

"जमिनीचं हाय का?"

"नाही हो. सहज."

"सहज?" त्याने शेजारच्याला हाक मारली. दोघांनी मिळून मला पाहिलं.

रजिस्टर निघालं ते मोडीत. पानामागे पैसे घेणारे एक मोडी वाचक गाठले. त्यांनी घडाघडा वाचलं: सिद्रामप्पा मल्लप्पा. पुढे मल्लप्पा सिद्रामप्पा. पुन्हा सिद्रामप्पा मल्लप्पा. आडनाव कुठेच नाही. गावाचं दैवत सिद्धरामेश्वर, त्यात नातवाला आजोबांचं नाव ठेवायची आमची रीत. एकाच पेठेत सात सिद्रामप्पा निघाले. "यातला तुमचा कुठला?" वाचकांनी विचारलं, आणि सातांचे पैसे घेतले.

वाचनालयात जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे मागितले. नेमका मे 1930 चा गठ्ठा जागेवर नव्हता. पणतवंडांनीच चाळून चाळून संपवला असणार. तीन तास केशतेलाच्या जाहिराती वाचून उठलो, तेव्हा ग्रंथपाल हळूच म्हणाले, "केस किती सालची?"

आत्याला फोन केला. म्हणाली, "लहानपणी वंशावळ सांगणारा हेळवी यायचा की रे, बैल घेऊन. सात पिढ्या तोंडपाठ म्हणायचा."

"मग तुम्ही लिहून घेतलं नाही?"

"त्याच्याकडं लिहिलेलं होतं की! आम्ही जोंधळे घालत होतो."

राहिली स्मशानभूमी. आम्ही लिंगायत, बसवून पुरणारे, म्हणजे निदान दगड तरी सापडेल. दोन सकाळी बाभळीचे काटे खाऊन एक सापडला. वर शिवलिंग, समोर नाक झिजलेला नंदी, खाली कानडी अक्षरं. आमची कानडी भांडण्यापुरती. शाळा मराठी, त्यामुळे वाचता शून्य. पण पहिलं अक्षर सिद्धेश्वराच्या देवळातल्या पाटीवरच्या 'सि'सारखं दिसलं, आणि मला भरून आलं. दगड घासला, विभूती लावली, बेल वाहिला, नारळ फोडला. अर्धा नारळ राखणदाराला दिला. तो खोबरं चावत म्हणाला, "वाटण्या व्हायच्यात काय ओ?"

फोटो विजयपूरला आत्याकडे पाठवला. रात्री तिचा आवाज आला, आधी पाच मिनिटं नुसतं हसू. मग: "अरे, सिद्रामप्पाच आहे. पण आपला नव्हे. भिंतवाल्यांचा!"

भिंतवाले म्हणजे आमचे जुने शेजारी. मधल्या सव्वा हात भिंतीवरून आमच्या आजोबांनी आणि त्यांच्या आजोबांनी मिळून एका वकिलाचं घर बांधून दिलं होतं. तेव्हापासून दोन्ही घरांत लग्नाची पत्रिकासुद्धा जात नाही.

पुढच्या रविवारी दारात एक गृहस्थ उभे. काखेत फाईल. राखणदाराने बाकीचा अर्धा नारळ कुणाकडे वसूल केला ते कळलं. पाणी दिलं, ते त्यांनी घेतलं नाही.

"आमच्या पणजोबांच्या समाधीला तुम्ही नारळ फोडला म्हणं."

"हो. म्हणजे, चुकून. सहज."

त्यांनी खुर्ची पुढे ओढली, फाईलची दोरी सोडली आणि म्हणाले, "वकील कोण दिलाय?"