आठवारी

नालेसाठी घोडा या म्हणीचा वाक्यात उपयोग करून मी शाळेत २ मार्क मिळवले होते, आयुष्यात उपयोग करायला मात्र ग्लासगोला यावं लागलं. झालं असं की ऑफिसातल्या मित्राचं लग्न ठरलं, किल्ट, म्हणजे स्कॉटलंडच्या पुरुषांचा तो निऱ्यांचा घागरा, घालून आलास तर मजा येईल म्हणाला, आणि त्याच आठवड्यात घराजवळच्या चॅरिटी शॉपमध्ये हँगरवर एक किल्ट लटकलेला दिसला. ३५ पौंड. मी पेठेत वाढलेला माणूस, किंमत वाचल्यावर पाय आपोआप आत वळले. माझ्या कमरेला बसत होता, म्हणजे देवाचीच इच्छा.

बायकोने तो हातात घेऊन वजनाचा अंदाज घेतला, उलटा करून शिवण बघितली आणि म्हणाली, "अरे, ही तर आठवारी!" थट्टा नाही, खरंच. पूर्ण किल्टला आठ यार्ड कापड धरतात, आणि यार्ड म्हणजे आपला वारच की. फरक एवढाच की आपल्या निऱ्या पुढे आणि यांच्या मागे, त्यासुद्धा शिवून टाकलेल्या, त्यामुळे माणूस पुढून सपाट आणि मागून बाजाच्या पेटीचा भाता. टार्टन, म्हणजे कापडावरची चौकड्यांची नक्षी, जी इथे कुळाकुळाची वेगळी असते, ते निघालं ब्लॅक वॉच, गडद हिरवं-निळं, मूळ एका पलटणीचं, कुठल्याही कुळाच्या माणसाने घातलं तरी चालतं. बरं झालं, नाहीतर कुळ विचारल्यावर मी गोत्र सांगितलं असतं.

मला वाटलं काम झालं, वर ब्लेझर अडकवला की निघालो. रिसेप्शनचा होता एक, लक्ष्मी रोडला शिवलेला. पण किल्ट पँटसारखा कमरेवर घालत नाहीत, पार बेंबीपर्यंत वर ओढायचा असतो आणि खाली गुडघ्याच्या वाटीशी संपायला हवा, आणि आपला कोट येतो ढुंगणाच्याही खाली, म्हणजे त्या आठ वारांपैकी दिसत होतं वीतभर. "गॅदरिंगला बाबांचा कोट घालून उभी राहिलेली सातवीतली मुलगी दिसतोयस," इति बायको. मग कळलं की किल्टचं जॅकेटच वेगळं असतं, आखूड, पुढून तिरकं कापलेलं, कारण पुढे लटकणाऱ्या पिशवीला जागा लागते. पिशवी? हो, पिशवीपण लागते.

गेलो भाड्याच्या दुकानात. गळ्यात टेप टाकलेले एक काका होते, त्यांनी माझं नाव विचारायच्या आधी विचारलं, लग्न किती वाजता? मी म्हटलं, एक. काकांनी हातातलं काळं जॅकेट परत टांगलं. ते प्रिन्स चार्ली, म्हणे रात्रीचं. चकचकीत कॉलर, तीन बटणांचं वेस्टकोट, बो टाय, मागे छोटंसं शेपूट. दिवसा घालायचं ते आर्गाइल नावाचं साधं जॅकेट किंवा ट्वीडचं, म्हणजे जाड लोकरी कापडाचं. "हल्ली सगळे भर दुपारी प्रिन्स चार्लीच नेतात, मी बोलायचं सोडून दिलंय," असं म्हणून ते पुढची १० मिनिटं त्यावरच बोलले.

आता हा चार्ली कोण, तर चार्ल्स एडवर्ड स्टुअर्ट, गादीवर हक्क सांगणारा राजपुत्र, जो १७४६ साली कलोडनच्या लढाईत हरला आणि नंतर फ्लोरा मॅकडोनाल्ड नावाच्या बाईच्या मोलकरणीच्या वेशात, म्हणजे चक्क बायकी झगा घालून, स्काय बेटावर निसटला. स्कॉटलंडमधल्या सगळ्यात मर्दानी जॅकेटला याचं नाव! आणि त्या लढाईनंतर ब्रिटिश पार्लमेंटने हा डोंगराळ पोशाखच कायद्याने बंद करून टाकला, पुरुषांना घालायची चोरी, तो कायदा उठला थेट १७८२ ला. पुढे १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबराला आला आणि तिथे त्याने हौसेने किल्ट घातला, पण आत गुलाबी तंग विजार चढवून. राजालासुद्धा गुडघे उघडे टाकवले नाहीत, माझी काय कथा.

मी राखाडी ट्वीडचं घेतलं, शिंगाची बटणं असलेलं. सोबत वेस्टकोट घेतलं आणि जाडजूड बकलचा पट्टाही उचलला, तर काकांनी पट्टा हातातून काढून घेतला. दोन्ही नाही. एकतर पट्टा नाहीतर वेस्टकोट. का? तर नाही म्हणजे नाही. आमच्या आजीचं सोवळं असंच चालायचं, त्यामुळे मी वाद घातला नाही.

मग ती पिशवी. तिला स्पोरन म्हणतात, किल्टला खिसे नसतात म्हणून ही सोय. दिवसाची चामड्याची साधी, रात्रीची सीलच्या कातड्याची, गोंडेवाली. मी साधीच घेतली. कमरेच्या बकलपासून चार बोटं खाली यायला हवी, वर बांधली तर पोटावर चंची बांधल्यासारखी दिसते आणि खाली बांधली तर चालताना नको तिथे आपटते. हे मी दोन्ही करून बघितलंय.

पायमोजे पांढरे नकोत, ते फक्त भाड्यावाले देतात, असं मला भाड्यावाल्यानेच सांगितलं. बाटली ग्रीन घेतले. ते गुडघ्याखाली दुमडायचे, आत इलॅस्टिक, त्याला लाल फितींची टोकं, ती बाहेरच्या बाजूला लोंबली पाहिजेत. बुटांना जीभच नाही, नाडी मात्र हातभर लांब, ती पीळ देऊन घोट्याभोवती गुंडाळायची. मी पहिल्या खेपेला जोशात पोटरीपर्यंत नेली आणि दशावतारातला राजा दिसायला लागलो.

शेवटी काकांनी उजव्या मोज्यात एक छोटी कट्यार खोचली. स्किअन डू. मी टरकलो. या देशात रस्त्यात चाकू घेऊन फिरलं तर आत टाकतात, पण राष्ट्रीय पोशाखाचा भाग म्हणून याला कायद्यात सूट आहे. तरी मी पोलिसाने अडवलंच तर काय बोलायचं ते वाक्य पाठ करून ठेवलं. काका नुसते हसले. बिल ७० पौंड. ३५ च्या घोड्याला ७० ची नाल, तीसुद्धा सोमवारी परत करायची.

रात्री व्हिडिओ कॉलवर आईला दाखवलं. तिने खालपासून वरपर्यंत नीट बघितलं आणि जो प्रश्न इथले दारू प्यायलेले लोक विचारतात तोच विचारला. आत घातलीय गं आई, म्हटलं. बाबा मागून ओरडले, थंडी आहे तिथे, दोन घाल.

लग्नाच्या दिवशी वारा असा की विचारू नका. एका हाताने किल्ट धरून चर्चपर्यंत आलो. बायकोने आदल्या रात्री रीतसर ट्रेनिंग दिलं होतं, बसताना मागून हात फिरवत आणायचा, निऱ्या खाली घ्यायच्या आणि मगच टेकायचं, गाडीतून उतरताना गुडघे जोडून. वीस वर्षं साडी सांभाळणाऱ्या बाईचं ऐकावं, त्यामुळे तिथे माझी अब्रू वाचली. घात केला पिनेने. किल्टच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात एक मोठी शोभेची पिन लावतात, मी वाऱ्याच्या भीतीने ती दोन्ही पदरांतून आरपार घातली, अगदी घट्ट. बसलो आणि चर्र. बोटभर फाटलं. पुढच्या बाकावरचे दोघं वळून बघायला लागले.

चर्चमधून बाहेर आल्यावर नवरदेवाच्या आजीने मला बाजूला घेतलं. ऐंशीच्या पुढची असावी. म्हणाली, पिन फक्त वरच्या पदराला लावायची रे, ती वजनासाठी असते, कुलूप नाही ते. मग पर्समधून सुईदोरा काढला (असल्या बायकांच्या पर्समध्ये तो असतोच, तिकडेही आणि इकडेही), खुर्ची ओढून बसली आणि मी तिच्यासमोर शाळेतल्यासारखा हात मागे बांधून उभा. सहासात टाके घालून झाल्यावर तिने मान वर न करता हात पुढे केला. तुझी कट्यार दे, दोरा कापते.

मी ऐटीत वाकून मोज्यातून कट्यार उपसली. हातात आली नुसती काळी मूठ. पुढे बोटाएवढा प्लॅस्टिकचा तुकडा, पातं नाहीच.

आजीने त्या मुठीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि दोरा दातांनी तोडला.