फाउस्टच्या आड लपायचं म्हणता?

"पूर्व जर्मनीतले नाटककार सेन्सॉरला चकवायला जर्मन महाकवी गटे, शेक्सपिअर नाहीतर ग्रीक पुराणांच्या आड लपायचे." नाटकवाल्यांच्या गप्पांत हे वाक्य इतकं फिरलंय की उलटून कुणी विचारतच नाही.

लपायचं तर आडोसा सुरक्षित हवा ना? हान्स आइस्लरला नेमका तोच भोवला. त्या देशाच्या राष्ट्रगीताला चाल देणारा हा माणूस. १९५२ साली त्याने 'योहान फाउस्टस' ही ऑपेराची संहिता छापली. त्यातला फाउस्ट, म्हणजे गटेच्या गाजलेल्या नाटकाचा नायक, शेतकऱ्यांच्या बंडात शेतकऱ्यांनाच दगा देतो. गटेच्या नायकाला गद्दार केलं म्हणून १९५३ मध्ये सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षाच्या मुखपत्राने झोडपलं, कला अकादमीत बैठका झडल्या. त्या संहितेला संगीत द्यायचं राहिलं ते कायमचंच. अभिजात वारसा ही तिथे सरकारी मिळकत होती. तिच्यावर पहारा जास्तच कडक.

"सेन्सॉरला संदर्भ कळत नसत" हेही ऐकतो. नाटककार हायनर म्युलरने नव्याने लिहिलेल्या 'मॅकबेथ'वर १९७३ मध्ये तुटून पडला तो वोल्फगांग हारिश, म्हणजे त्याच राजवटीत आठ वर्षं तुरुंगात काढलेला तत्त्वज्ञ! वाद शेक्सपिअरचाच होता, आडून कुणाचा नव्हे.

क्रिस्टोफ हाइनचं आर्थर राजाच्या थकल्या सरदारांवरचं नाटक (ड्रेस्डेन, १९८९) दाव्याच्या बाजूने टाका हवं तर. पण ते म्हातारे म्हणजे पॉलिटब्युरो, पक्षाचं सर्वोच्च नेतृत्व, हे कोणाला कळलं नसेल?

आणि उलरिश प्लेन्झडॉर्फ? त्याच्या नाटकाचं 'तरुण डब्ल्यूची नवी दुःखं' (हाले, १९७२) हे नावच गटेच्या 'तरुण वेर्थरची दुःखं' या कादंबरीकडे बोट दाखवतं. सतरा वर्षांचा एडगर घर सोडून बर्लिनला एका बागेतल्या खोपटात राहतो. तिथल्या संडासात त्याला एक पुस्तक सापडतं, तेच 'वेर्थर'. अंधारात मुखपृष्ठ आणि सुरुवातीची पानं भलत्याच कामी येतात, त्यामुळे लेखक कोण हे त्याला कळतच नाही. आधी तो वैतागतो, मग त्यातलीच वाक्यं टेपवर भरून मित्राला पाठवतो. पोरगं मेल्यावर त्याचा बाप त्या टेप्सचा अर्थ लावत बसतो. रंगमंचावर कुणालाच उलगडा होत नाही. समोर अंधारात बसलेल्यांनी मात्र गटे शाळेतच वाचलेला.