टीएसएच नॉर्मल आलं, पण गाठीचं काय?

‘मानेत गाठ दिसली तरी घाबरू नका. टीएसएच नॉर्मल असेल तर थायरॉईड ठणठणीत आहे. आयोडीन वाढवा, गाठ विरघळेल. सुई मात्र टोचून घेऊ नका, कॅन्सर पसरतो.’ हा मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असेल, पण त्यावर विसंबून कुणी तपासणी टाळली तर ते महागात पडू शकतं.

घाबरू नका, हे बरोबरच आहे. अशा गाठी खूप जणांना असतात, आणि शंभरातल्या नव्वदहून अधिक साध्या निघतात. पण आपली गाठ त्या नव्वदांतलीच, हे टीएसएच सांगत नाही. टीएसएच हे थायरॉईडला कामाला लावणारं हार्मोन, ते रक्तात मोजतात. ग्रंथी हार्मोन गरजेइतकं बनवते, कमी की जादा, एवढंच त्यातून कळतं. थायरॉईडचा कॅन्सर झालेल्या बहुतेकांचं टीएसएच नॉर्मलच असतं. तरीही ही तपासणी आधी करतात, कारण थायरॉईडचं हार्मोन जादा झालं की टीएसएच घटतं, म्हणून ते कमी असेल तर गाठ स्वतःच जादा हार्मोन बनवत असू शकते. मग आयसोटोप स्कॅन करतात, म्हणजे किंचित किरणोत्सारी औषध देऊन गाठ किती काम करते ते बघतात. अशी जादा काम करणारी, म्हणजे ‘हॉट’ गाठ क्वचितच कॅन्सरची असते. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर रक्त देण्याआधी डॉक्टरांना जरूर सांगा. त्यांनी रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो.

गाठीचं रूप कळतं ते सोनोग्राफीत. रिपोर्टमध्ये नुसता आकार बघून थांबू नका. गाठ भरीव आहे की पाण्याची, कडा ओबडधोबड आहेत का, आत चुन्याचे बारीक ठिपके आहेत का, ती रुंदीपेक्षा उंच आहे का, हे सगळं बघून टाय-रॅड्स ही १ ते ५ अशी श्रेणी देतात; श्रेणी जितकी वरची, तितका कॅन्सरचा संशय जास्त. अमेरिकन रेडिओलॉजी कॉलेजच्या २०१७ च्या निकषांनुसार पाचव्या श्रेणीत १ सेंटिमीटरपासून, तर तिसरीत अडीच सेंटिमीटरपासून सुईची तपासणी, म्हणजे गाठीतल्या पेशी सुईने काढून तपासणं, सुचवतात. म्हणून लहान गाठीला सुई लागते आणि मोठीला कधीकधी लागतही नाही.

आयोडीनचं म्हणाल तर, त्याच्या कमतरतेने गलगंड होतो हे खरं, पण तयार झालेली गाठ त्याने विरघळत नाही. उलट गाठ हार्मोन बनवणारी असेल, तर जादा आयोडीनने धडधड, हातांना कंप, वजन घटणं सुरू होऊ शकतं.

सुईची भीती मात्र सगळ्यात घातक, कारण गाठ काढायची की तिच्यावर नुसतं लक्ष ठेवायचं, हे बहुतेक वेळा त्या सुईवरच ठरतं. खांद्याखाली उशी ठेवून मान मागे झुकवतात, गिळू नका म्हणतात, आणि सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत रक्त काढायच्या सुईहूनही बारीक सुई गाठीत घालतात. काही मिनिटांचं काम. या सुईने थायरॉईडचा कॅन्सर पसरल्याची उदाहरणं अत्यंत विरळ आहेत. आलेल्या पेशींचा रिपोर्ट बेथेस्डा पद्धतीने सहा गटांत देतात. पहिला गट म्हणजे पेशी अपुऱ्या मिळाल्या. ‘काही सापडलं नाही’ असा त्याचा अर्थ लावू नका, तपासणी बहुधा पुन्हा करावी लागते.

आता दुसरं टोक: ‘मग सगळ्यांचीच सोनोग्राफी करा.’ तेही नको. दक्षिण कोरियात हेच झालं. १९९३ ते २०११ दरम्यान थायरॉईड कॅन्सरचं निदान १५ पट वाढलं, मृत्यूचं प्रमाण मात्र होतं तिथेच राहिलं. अनेकांच्या ग्रंथी विनाकारण काढल्या गेल्या. पण गाठ हाताला लागत असेल, भरभर वाढत असेल, आवाज बसून सुटत नसेल, गिळताना अडकत असेल, लहानपणी मानेला रेडिएशन दिलेलं असेल किंवा घरात कुणाला थायरॉईडचा कॅन्सर झाला असेल, तर टीएसएच कितीही नॉर्मल असो, डॉक्टरांना मान दाखवा आणि सोनोग्राफीबद्दल स्पष्ट विचारा.