कॅप्सूल दुधात घालण्याआधी

आठवडाभर एक मेसेज फिरतोय. तालमीच्या ग्रुपवर आला, गल्लीच्या ग्रुपवर आला, काल वहिनींनीही पाठवला. म्हणे, कॅप्सूल, एसआर (औषध हळूहळू सोडणाऱ्या) गोळ्या, दम्याचा पंप हे सगळं कंपन्यांनी पैसे उकळायला काढलंय, आत औषध तेच. कॅप्सूलचं प्लॅस्टिक काढून पावडर दुधात घ्या, गोळी कुटून घ्या, पंपाच्या नादी लागू नका, सवय लागते. औषधाच्या काउंटरमागे उभा असतो, म्हणून लिहितो.

प्लॅस्टिकचं आधी. कॅप्सूलचं रिकामं टरफल कोमट पाण्यात टाका आणि ढवळत बसा. चिकट होतं, लिबलिबीत होतं, विरघळून जातं. प्लॅस्टिक असं विरघळतं होय? ते जिलेटिन असतं, जनावरांच्या हाडा-कातड्यातून काढलेलं. वनस्पतीच्या सेल्युलोजपासूनही टरफलं बनतात. आणि दूध कोल्हापुरात गंगावेशीच्या कट्ट्यावर जाऊन खुशाल प्या, पण सिप्रोफ्लॉक्सॅसिन या अँटिबायोटिकबरोबर नको. दुधातलं कॅल्शियम त्या औषधाला धरून बसतं, रक्तात ते पुरतं पोचत नाही.

खरा राग ‘कुटून घ्या’चा. शुगरची मेटफॉर्मिन एसआर गोळी पोटात फुगते आणि तिच्यातून औषध तासन् तास पाझरत राहतं. म्हणून साधी गोळी दोन-तीनदा घ्यावी लागते, तिथं ही एकदा पुरते. कुटली की दिवसभराचा डोस एकदम सुटणार, पोट बिघडणार. मागं एक आजोबा कागदाची पुडी घेऊन आले, आत धुतलेली गोळी. “सकाळी जशीच्या तशी पडली की! फसवलासा आम्हाला.” औषध केव्हाच अंगात गेलेलं, उरलेला तो सांगाडा. काही एसआर गोळ्यांचं तसं होतं. पुडी ते काउंटरवरच ठेवून गेले, ते एक असो. अॅसिडिटीच्या पॅन्टोप्रॅझोलचं उलटं: ते जठरातल्या आम्लात टिकत नाही, म्हणून वर कवच. कवच फोडलं की औषध वाटेतच वाया.

पंप. दम्याचं औषध १९५६ पासून जगात असल्या पंपानं घेतात, नवं फॅड नव्हे. साल्ब्युटामॉल म्हणजे श्वासनलिका मोकळी करणारं औषध. त्याच्या दोन फवाऱ्यांत २०० मायक्रोग्रॅम औषध असतं, ४ मिलिग्रॅमच्या गोळीत त्याच्या वीसपट. गोळी सगळ्या अंगातून फिरून छातीत पोचते, म्हणून हात थरथरतात, धडधडतं. फवारा थेट श्वासनलिकेत जातो. गुऱ्हाळं सुरू झाली, शिवारात पाचट पेटलं की आमच्याकडं पंप मागणारे वाढतात. पंप दिवसातून दहादा लागत असेल तर ती सवय नव्हे, दमा आवाक्यात नाही. डॉक्टर गाठा.

पैसे उकळण्याचं मात्र सगळं खोटं नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये केंद्र सरकारनं ३२८ मिश्र औषधांवर (एकाच गोळीत दोन-तीन औषधं) बंदी घातली, कारण त्या मिश्रणांना उपचाराचा आधारच नव्हता. तेव्हा महागडी गोळी लिहिली तर डॉक्टरांना तिथंच विचारा, साधी चालेल का? पुष्कळदा चालते.