ब्रँकाला सोडा, ड्युरोशरला धरा

ह्यूस्टन अॅस्ट्रोसचं ते कचऱ्याचा डबा वाजवायचं प्रकरण (समोरच्या टीमच्या खुणा चोरायच्या आणि डबा वाजवून आपल्या बॅटरला कळवायच्या) बाहेर आलं तेव्हापासून आपल्यातले जे थोडेफार लोक बेसबॉल बघतात (आहेत हो, निम्मे न्यू जर्सीत असतील पण आहेत) त्यांच्या ग्रुपवर दर सीझनला कुणीतरी लिहितंच की जुन्या काळचा गेम कसा स्वच्छ होता. मग मला 1951 चे न्यूयॉर्क जायंट्स काढावेच लागतात, इलाज नाही. खुणा त्यांनीही चोरल्या, चोरी करवली मॅनेजर ड्युरोशरने आणि बोलणी खाल्ली समोरच्या टीमच्या पिचर ब्रँकाने.

सीझनची सुरुवात इतकी वाईट की 2 जिंकले 12 हरले, त्यात सलग 11. मॅनेजर लिओ ड्युरोशर, म्हणजे भांडखोर, तोंडाळ, जिंकण्यासाठी काहीही करणारा माणूस, आणि गंमत अशी की तो आधी ब्रुकलिन डॉजर्सचाच मॅनेजर होता, 1948 मध्ये सीझन चालू असताना इकडे आला. म्हणजे एकाच शहरातल्या दोन दुश्मन टीम्स, आणि हा दोन्ही घरचं मीठ खाल्लेला.

मे महिन्यात त्यांनी मिनियापोलिसहून 20 वर्षांचा पोरगा बोलावला, विली मेज. तिथे त्याचं अॅव्हरेज होतं .477 (म्हणजे शंभर चान्समध्ये साधारण 48 हिट), हा आकडा बेसबॉलमध्ये कुणी सांगितला तर लोक परत विचारतात काय म्हणालास म्हणून. आणि इथे आल्यावर पहिल्या 26 चान्समध्ये एकच हिट! तीही वॉरन स्पॅनसारख्या दादा पिचरला मारलेला होमरन (बॉल थेट भिंतीपलीकडे, आपल्या सिक्सरसारखा), बाकी सगळं शून्य. पोरगा लॉकररूममध्ये रडत बसला, मला परत पाठवा म्हणाला, तेव्हा ड्युरोशरने त्याला सांगितलं की मी इथे मॅनेजर आहे तोवर सेंटरफिल्डला तूच खेळणार. या एका गोष्टीसाठी ड्युरोशरला माझ्याकडून पूर्ण मार्क, पुढे शिव्या घालायच्याच आहेत म्हणून आत्ताच देऊन टाकतो.

दुसरा माणूस मॉन्टी अर्विन. याचं नाव आपल्याकडे कुणी घेत नाही. ऐन उमेदीची वर्षं कातडीच्या रंगामुळे निग्रो लीगमध्ये गेली, जायंट्सनी घेतलं तेव्हा तिशीत. त्याने 1951 मध्ये 121 रन्स घरी आणले, अख्ख्या नॅशनल लीगमध्ये सगळ्यात जास्त. पिचिंगमध्ये साल मॅग्ली आणि लॅरी जॅन्सन दोघांच्या नावावर 23-23 विजय. हे सगळं आधी सांगतोय कारण पुढची गोष्ट ऐकली की लोक हे विसरतात.

तर 11 ऑगस्टला एका क्षणी डॉजर्स साडेतेरा गेम पुढे. संपलं सगळं. तिथून जायंट्स सलग 16 जिंकले आणि शेवटच्या 44 पैकी 37, हरले फक्त 7. डॉजर्स काही कोसळले नाहीत बरं का, त्याच काळात त्यांनीही हरले त्यापेक्षा जास्तच जिंकले, पण पुरलं नाही. शेवटच्या दिवशी फिलाडेल्फियाला हरले असते तर तिथेच बाहेर होते, त्यांच्या जॅकी रॉबिन्सनने आधी एक अशक्य कॅच घेतला आणि मग 14 व्या इनिंगमध्ये होमरन मारून वाचवलं. दोन्ही टीम्स 96 जिंकून 58 हरलेल्या, बरोबरीत. मग तीन गेमचा प्लेऑफ.

आता चोरी. जायंट्सचं मैदान पोलो ग्राउंड्स, आकार विचित्र, लांबुळका, आणि टीमचं क्लबहाऊस चक्क सेंटरफिल्डच्या मागे, कॅचरच्या बरोब्बर समोर. बेसबॉलमध्ये कॅचर पायांच्या मध्ये बोटांनी पिचरला खूण करतो की फास्टबॉल टाक का कर्व्ह टाक, ती बॅटरला दिसत नाही. ड्युरोशरने काय केलं, जुलैत त्या क्लबहाऊसच्या खिडकीत दुर्बीण लावली, मागे कोच हर्मन फ्रँक्सला बसवलं (स्वतः जुना कॅचर, खुणा वाचण्यात तयार), आणि तिथून बुलपेनपर्यंत (मैदानाच्या कडेला राखीव पिचर वॉर्मअप करतात ती जागा) बझरची वायर टाकली. बझर वाजला की बुलपेनमध्ये बसलेला राखीव कॅचर साल इव्हार्स हातातल्या बॉलशी काय करतोय त्यावरून बॅटरला कळणार काय येतंय. ही गोष्ट दबक्या आवाजात खूप वर्षं फिरत होती, पण 2001 मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलमध्ये जोशुआ प्रेगरने खेळाडूंना गाठून, नावानिशी, सगळी छापली.

दुर्बीण वापरू नका असं तेव्हा नियमात स्पष्ट लिहिलं नव्हतं हे खरंय. म्हणून काय झालं? नियमात लिहिलं नव्हतं तर वायर लपवून का टाकली, सगळ्यांसमोर टाकायची की! मला या बाबतीत काही कन्फ्युजन नाही, ती चीटिंग होती.

पण म्हणून सगळा सीझनच खोटा म्हणणाऱ्यांनी जरा हिशोब पण बघावा. त्या सलग 16 पैकी बहुतेक गेम घरी होते, मान्य. पण सीझनचे शेवटचे दोन गेम बोस्टनला जाऊन जिंकले, तिथे कुठली दुर्बीण? प्लेऑफचा पहिला गेम ब्रुकलिनच्या एबेट्स फिल्डवर जिंकले. आणि दुसरा, घरी, त्याच पोलो ग्राउंड्सवर, 0-10 हरले!! क्लेम लबाइन नावाच्या पोराने एक रन काढू दिला नाही. दुर्बिणीतून दिसत होतं तर मारायचा होता ना. कळणं वेगळं आणि मारणं वेगळं, हे क्रिकेट बघणाऱ्याला तरी समजावून सांगायला नको.

3 ऑक्टोबर, तिसरा गेम. डॉजर्स 4-1 पुढे, जायंट्सची शेवटची इनिंग. आणि ऐका, तोपर्यंत जायंट्सचा व्हिलन होता त्यांचाच बॉबी थॉमसन, जो पुढे हिरो झाला तोच. सुरुवातीला खाली मान घालून सेकंड बेसकडे पळत सुटला, तिथे आपलाच माणूस उभा, हा आउट. आठव्या इनिंगमध्ये थर्ड बेसवर त्याच्या बाजूने बॉल निसटले आणि डॉजर्सनी तीन रन काढले. मग नवव्यात डार्क आणि म्युलरचे हिट, अर्विन आउट, लॉकमनचा डबल (दोन बेसचा हिट), 4-2, दोन माणसं बेसवर, आणि डॉजर्सच्या दमलेल्या पिचरला, डॉन न्यूकमला, बाहेर काढायची वेळ आली.

इथे माझा खरा राग डॉजर्सचा मॅनेजर चार्ली ड्रेसनवर आहे. बुलपेनमध्ये कार्ल अर्स्किन आणि राल्फ ब्रँका दोघं वॉर्मअप करत होते, फोनवर कोचने सांगितलं अर्स्किनचे कर्व्ह जमिनीवर आपटतायत, झालं, ब्रँका. अरे पण याच ब्रँकाला याच थॉमसनने दोन दिवसांपूर्वी होमरन मारलाय! फर्स्ट बेस रिकामा आहे, थॉमसनला चालत सोडा (मुद्दाम बाहेर बॉल टाकून फर्स्ट बेस फुकट द्या), पुढे नवखा मेज उभा आहे. नेहमीचा कॅचर कॅम्पानेला जखमी, मागे राखीव कॅचर रूब वॉकर. ड्रेसनने यातला कुठलाच विचार केला असं मला वाटत नाही. (मेज पुढे काय झाला ते आपल्याला माहितीये, त्या दिवशी कुणाला माहीत नव्हतं.)

ब्रँकाचा दुसरा बॉल थॉमसनने मारला, लेफ्टफिल्डच्या भिंतीपलीकडे. बेसवरचे दोघं आणि तो, तीन रन, 5-4. रेडिओवर रस हॉजेस "द जायंट्स विन द पेनन्ट" (पेनन्ट म्हणजे लीगचं विजेतेपद) ओरडत सुटला, ओळीने चार वेळा. रॉबिन्सन मैदानात उभा राहून बघत होता की थॉमसनचा पाय प्रत्येक बेसला लागतोय ना, असा माणूस. पुढची वर्ल्ड सिरीज जायंट्स यँकीजकडून 4-2 हरले, ती आज कुणाला आठवतही नाही.

आणि आयुष्यभरासाठी कपाळावर शिक्का बसला तो 25 वर्षांच्या ब्रँकाच्या. अंगावर 13 नंबरचा शर्ट होता, त्यामुळे लोकांना आयताच मसाला. 1947 मध्ये, 21 व्या वर्षी, याने 21 गेम जिंकले होते. त्याच वर्षी रॉबिन्सन डॉजर्समध्ये आला, तो काळा म्हणून टीममधले काही जण त्याच्यासोबत खेळायलाच तयार नव्हते, तेव्हा पहिल्या दिवशी ब्रँका त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिला. हे किती जणांना माहितीये? 1952 च्या सुरुवातीला पाठीला दुखापत झाली आणि करिअर उतरतच गेलं. आणि 1954 मध्ये डेट्रॉइटला खेळताना एका टीममेटने त्याला दुर्बिणीचं सांगितलं. त्याला कळलं! आणि तरी तो 2001 पर्यंत जाहीरपणे एक शब्द बोलला नाही, त्याच थॉमसनसोबत शेजारी बसून त्याच होमरनच्या फोटोंवर सह्या करत राहिला. थॉमसन शेवटपर्यंत म्हणत राहिला की त्या बॉलची खूण मी घेतली नव्हती. घेतली असेल नसेल. पण दुर्बीण लावणाऱ्या ड्युरोशरला लोक हुशार म्हणत राहिले, हॉल ऑफ फेममध्ये बसवलं, आणि बिचाऱ्या ब्रँकाला एका बॉलसाठी पन्नास वर्षं ऐकावं लागलं, हा कुठला न्याय? अॅस्ट्रोसच्या मॅनेजरला निदान एक वर्ष घरी तरी बसवलं.

आपण तरी काय वेगळं करतो म्हणा. शारजा 1986, मियांदाद, शेवटचा बॉल. चेतन शर्मा तेव्हा 20 वर्षांचा होता. त्याच उन्हाळ्यात त्याने लॉर्ड्सवर एका इनिंगमध्ये पाच आणि बर्मिंगहॅम टेस्टमध्ये दहा विकेट काढल्या, आणि पुढच्या वर्षी आपल्या नागपुरात वर्ल्ड कपमधली पहिली हॅट्रिक घेतली, रदरफर्ड, स्मिथ, चॅटफिल्ड, तिघंही क्लीन बोल्ड. आता खाली कमेंटमध्ये शारजाचा विषय काढणारे येणारच, त्यांनी आधी नागपूरचं स्कोअरकार्ड बघून यावं, मग बोलू.