कीवर्ड निवडीची फिरती सूत्रे: मुद्देसूद प्रतिवाद

वेबसाइट नव्याने सुरू करणाऱ्यांमध्ये एक सल्ला कायम फिरत असतो. कीवर्ड म्हणजे लोक सर्चमध्ये टाइप करतात तो शब्द किंवा प्रश्न. कीवर्ड सुचवणाऱ्या टूलमध्ये ज्याची शोधसंख्या (महिन्याला होणारे शोध) मोठी आणि डिफिकल्टी (वरच्या निकालांत येणे किती अवघड याचा आकडा) कमी, तो उचला; तो मेटा कीवर्ड टॅगमध्ये (पानाच्या कोडमधली, वाचकाला न दिसणारी कीवर्डची यादी) भरा; लेखात त्याची घनता (एकूण शब्दांत तो येण्याचे प्रमाण) २ ते ३ टक्के ठेवा; प्रत्येक कीवर्डला वेगळे पान द्या; शोधसंख्या शून्य दिसली तर तो सोडून द्या. यावर विसंबून लोक महिनोन्महिने राबतात आणि पानांवर कोणी फिरकत नाही, म्हणून एकेक मुद्दा तपासू. आमचे म्हणणे असे की टूल फक्त उमेदवार सुचवते. निवड करायची ती सर्चच्या निकालांचे पान पाहून.

‘मोठी शोधसंख्या म्हणजे चांगला कीवर्ड’

आधी हा आकडा कसा तयार होतो ते पाहा. गूगलचा कीवर्ड प्लॅनर जाहिरातदारांसाठी बनवलेला आहे. जाहिरातींवर खर्च न करणाऱ्या खात्याला तो बहुधा ‘१ हजार ते १० हजार’ असा पट्टा दाखवतो, म्हणजे दोन टोकांत दहा पटींचा फरक. अगदी जवळची रूपे तो एकत्र मोजतो. शिवाय आकडा असतो १२ महिन्यांच्या सरासरीचा. एखादा विषय वर्षातून एकाच महिन्यात १२,००० वेळा शोधला गेला आणि उरलेले ११ महिने शांत राहिला, तरी तक्त्यात दिसणार १,०००. हा चढउतार गूगल ट्रेंड्समध्ये कळतो. पण तिथले ० ते १०० हे सापेक्ष प्रमाण आहे, शोधांची संख्या नव्हे.

याहून मोठी अडचण हेतूची. सायकल दुरुस्तीची माहिती देणाऱ्या साइटने ‘सायकल’ हा कीवर्ड धरला तर शोधणाऱ्याला विकत घ्यायची आहे, चित्र हवे आहे की ब्रेक नीट करायचा आहे, हे कळायला मार्ग नाही. ‘सायकलची चेन सारखी का उतरते’ असे विचारणाऱ्याला काय हवे ते स्पष्ट आहे, आणि त्याचे उत्तर तुम्ही देऊ शकता.

म्हणून यादीतला प्रत्येक उमेदवार ब्राउझरच्या खासगी विंडोत शोधा. तुमचा शोध-इतिहास त्यामुळे बाजूला राहतो. ठिकाणाचा परिणाम मात्र तिथेही असतो. पहिले दहा निकाल उघडा आणि तीन गोष्टी टिपा: पाने कोणत्या प्रकारची आहेत (मार्गदर्शक लेख, विक्रीची पाने, व्हिडिओ), ती मोठ्या साइटची आहेत की लहान, आणि सगळ्यांनी मिळून कोणता उपप्रश्न सोडला आहे. दहापैकी आठ विक्रीची पाने असतील तर तिथे लेख वर येण्याची शक्यता फार कमी. तो उमेदवार वगळा. तीन-चार लहान साइट असतील आणि उत्तरे अपुरी असतील तर तिथे जागा आहे. हे काम कंटाळवाणे आहे, पण कीवर्ड संशोधनात सर्वात जास्त वेळ इथेच घालवावा.

‘डिफिकल्टी कमी, म्हणजे सोपा’

डिफिकल्टीचा आकडा गूगल देत नाही. प्रत्येक टूल तो आपल्या सूत्राने काढते आणि बहुतेकांचा भर वरच्या पानांना बाहेरून मिळालेल्या लिंकांवर असतो. म्हणूनच एकाच कीवर्डला दोन टूल वेगवेगळे आकडे देतात. आणखी एक गफलत सर्रास होते: प्लॅनरमधला ‘स्पर्धा’ हा रकाना जाहिरातदारांमधली चुरस दाखवतो. तिथे ‘कमी’ लिहिले आहे यावरून नैसर्गिक, म्हणजे जाहिरात नसलेल्या निकालांबद्दल काहीही ठरत नाही.

‘मेटा कीवर्ड टॅग भरा’

वेब सर्चच्या क्रमवारीसाठी हा टॅग वापरत नाही, असे गूगलने सप्टेंबर २००९ मध्येच जाहीर केले. तो वेळ पानाच्या शीर्षकावर खर्च करा.

‘घनता २ ते ३ टक्के’

असे कोणतेही प्रमाण गूगलने ठरवलेले नाही. हिशेब करून पाहा: १,००० शब्दांत ३० वेळा, म्हणजे साधारण दर ३३ शब्दांनी तोच शब्द. कीवर्ड कोंबणे गूगलच्या स्पॅम धोरणात स्पष्टपणे नोंदलेले आहे. मराठीत तर आणखी वाईट होते. मोजणी जुळावी म्हणून लोक प्रत्यय गाळतात आणि ‘सायकल चेन दुरुस्ती कारण’ अशी वाक्ये वाचकापुढे ठेवतात. कीवर्ड शीर्षकात, मुख्य मथळ्यात आणि पहिल्या परिच्छेदात सहज बसेल तसा घ्या. पुढे विषय नीट मांडला की संबंधित शब्द आपोआप येतात: गिअर, डिरेलर, लिमिट स्क्रू, झिजलेले दाते.

‘प्रत्येक कीवर्डला वेगळे पान’

‘चेन उतरते’, ‘चेन निसटते’, ‘चेन पडते’ अशी तीन पाने केली की ती एकमेकांशीच झगडतात आणि तिन्ही अर्धवट राहतात. कसोटी सोपी आहे. दोन्ही कीवर्ड शोधा. पहिल्या दहातले निम्म्याहून अधिक निकाल तेच असतील तर पान एकच हवे. निकाल अगदी निराळे असतील तरच दुसरे पान करा.

नुकसान आधीच झाले असेल तर सर्च कन्सोलमध्ये (तुमची साइट गूगलच्या निकालांत कशी दिसते ते दाखवणारे गूगलचे साधन) परफॉर्मन्स अहवाल उघडा, क्वेरीवर (लोकांनी शोधलेल्या ओळीवर) क्लिक करा आणि ‘पेजेस’ टॅब पाहा. एकाच क्वेरीसाठी दोन पत्ते आलटून पालटून दिसत असतील तर चांगल्या पानात दुसऱ्याचा उपयोगी मजकूर आणा, दुसऱ्या पानाच्या पत्त्यावर ३०१ रीडायरेक्ट (तिथे येणाऱ्याला कायमचे चांगल्या पानाकडे पाठवणारी सूचना) लावा आणि साइटमधल्या लिंका चांगल्या पानाच्या पत्त्याकडे वळवा. शेवटची पायरी बरेच जण विसरतात.

‘शोधसंख्या शून्य, म्हणजे निरुपयोगी’

दररोज होणाऱ्या शोधांपैकी सुमारे १५ टक्के आपण पूर्वी कधीच पाहिलेले नसतात, असे गूगल सांगत आले आहे. अशा प्रश्नांची शोधसंख्या कोणतेही टूल आगाऊ देऊ शकत नाही. लांब, नेमका प्रश्न टूलमध्ये शून्य दिसतो तो बहुधा नमुना अपुरा असल्यामुळे.

असे प्रश्न शोधपेटीत आपोआप सुचणाऱ्या ओळींत, निकालांमधल्या ‘लोक हेही विचारतात’ या चौकटीत, आलेल्या ईमेलमध्ये आणि साइटच्या स्वतःच्या शोधपेटीच्या नोंदीत सापडतात. सर्च कन्सोलमध्ये सरासरी स्थान ८ ते २० आणि इम्प्रेशन (निकालांत पान दिसण्याची संख्या) जास्त, क्लिक कमी अशा क्वेरी गाळून घ्या. थोड्या सुधारणेने सर्वाधिक फरक पडतो तो यांच्यात. तिथे १६ महिन्यांचा डेटा मिळतो, मात्र तक्ता १,००० ओळींपुरताच दिसतो आणि फार थोड्या लोकांनी विचारलेल्या क्वेरी गोपनीयतेसाठी लपवल्या जातात, त्यामुळे बेरीज जुळली नाही तर घाबरू नका. मिळालेल्या प्रश्नांपैकी ज्यांचे उत्तर दोन परिच्छेदांत संपते ते चालू पानात उपमथळा म्हणून घाला, आणि ज्याला चित्रे, मोजमापे व पायऱ्या लागतात त्यालाच नवे पान द्या.