गळ्यात पडलेला गला

ऑस्ट्रेलियात एखाद्याला 'गला' म्हणणं म्हणजे आपल्याकडे 'येडा आहेस का' विचारण्यासारखं. मला हे पहिली दोन वर्षं माहीतच नव्हतं. मेलबर्नच्या ऑफिसात मी एकदा भलतीच फाइल शंभर जणांना पाठवली, तेव्हा आमचा वरिष्ठ हसत हसत म्हणाला, "यू फ्लेमिंग गला!" घरी येऊन शोधलं तर गुलाबी छातीचा, राखाडी पंखांचा, डोक्यावर फिकट तुरा मिरवणारा देखणा काकाकुवा निघाला. बायकोला फोटो दाखवला. "बघ, साहेब मला हे म्हणाला." ती म्हणाली, "तुला गुलाबी शोभत नाही," आणि भाजी परतायला लागली. खरा अर्थ कळेपर्यंत ही गोष्ट मी सासऱ्यांनाही फोनवर सांगून बसलो होतो.

पुढे तो पक्षीच घरात राहायला आला.

शेजारच्या आजीबाई ऐंशी ओलांडलेल्या. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी मुलीकडे निघाल्या होत्या. कुंपणावरून त्यांनी विचारलं, "कीथला दोन आठवडे सांभाळशील का?" कीथ हे त्यांच्या दिवंगत नवऱ्याचं नाव, त्यामुळे मी आधी दचकलोच. पण नाही म्हणायचं कसं, हे आपल्याकडे कुणी शिकवत नाही. 'त्यात काय, घरचंच समजा' असं काहीसं मी इंग्रजीत म्हणालो. इंग्रजीत ते जरा जास्तच उदार ऐकू गेलं असावं, कारण आजीबाई परत आल्याच नाहीत. मुलीकडून त्या थेट वृद्धाश्रमात गेल्या आणि तिथे पक्षी चालत नाहीत. दर नाताळाला त्यांचं कार्ड येतं. त्यात कीथला प्रेम असतं, मला नुसते आभार.

पहिल्याच महिन्यात पक्ष्यांच्या डॉक्टरने कीथच्या डोळ्यांत टॉर्च मारून सांगितलं की ही बाई आहे. मोठ्या नराचे डोळे जवळजवळ काळे असतात, मादीचे लालसर गुलाबी. आजीबाईंनी अठ्ठावीस वर्षं नवऱ्याच्या नावाने एका बाईला हाका मारल्या होत्या. त्यांना हे कळवायचं धाडस मी अजून केलेलं नाही.

नावाचा प्रश्न आईने सोडवला. ती सप्टेंबरात सांगलीहून सहा महिन्यांसाठी आली. 'कीथ' तिच्या कानाला 'किती' असं ऐकू आलं आणि तेच कायम झालं. "किती, ए किती!" अशी हाक सकाळी सहाला घरात घुमायला लागली. 'गला'चंही तिने तसंच केलं. "गळा? असलं कसलं नाव पाखराचं?" मी तिला नीट सांगितलं की हा इथल्या मूळ रहिवाशांच्या युवालराय भाषेतला 'गिला' हा शब्द, इंग्रजांनी त्याचा गला केला. आई म्हणाली, "इंग्रजांनी सगळ्यांचाच केला."

आता खरं दुखणं. कितीला फॅटी लिव्हर आहे. मलाही आहे.

दोघांचे रिपोर्ट एकाच पंधरवड्यात आले. कितीचं वजन ४१२ ग्रॅम, पाहिजे ३३०च्या आसपास. माझं ८६ किलो, पाहिजे ७४. जंगलातला गला दिवसभर गवतात चालत, चोचीने कंद-मुळं उकरत, कष्टाचं खातो. आमच्या घराजवळच्या क्रिकेटच्या मैदानावर रोज संध्याकाळी साठ-सत्तर जणांचा थवा मान खाली घालून चरत असतो. पिंजऱ्यातल्या गलाला मात्र आयत्या वाटीत सूर्यफुलाच्या बिया मिळतात, म्हणजे निम्मं तेलच, आणि तो ढिम्म बसून खातो. मग अंगावर चरबीच्या गाठी येतात, लिव्हर सुजतं. डॉक्टर हे सगळं कितीबद्दल सांगत होता, पण बायको माझ्याकडे बघत होती.

डॉक्टरने यादी दिली. पेलेट म्हणजे दाबून केलेल्या खाद्याच्या गोळ्या, भरपूर पालेभाजी, ब्रोकोली, सिमला मिरची, मोड आलेले मूग, चावायला निलगिरीच्या फांद्या. बिया जवळजवळ बंद. अॅव्होकाडो, चॉकलेट, कांदा, मीठ, चहा-कॉफी यांना हात लावायचा नाही, विष आहे. नॉनस्टिक भांडं जास्त तापलं तर त्याच्या वाफेनेही पक्षी मरतो, म्हणून तेही घराबाहेर. आईला हे ऐकून मनापासून आनंद झाला. आमच्या लग्नापासून त्या नॉनस्टिकवर तिचा राग होता. कपाटात पडलेला बिडाचा तवा दुसऱ्याच दिवशी घासूनपुसून गॅसवर चढला आणि कितीच्या पुण्याईने आम्हाला घावन मिळाले.

पण पेलेट बघून आई हळहळली. "हे खायचं? हे तर खत वाटतंय." कितीचंही तेच मत होतं. पहिला आठवडा ती एकेक पेलेट चोचीत धरायची, माझ्याकडे बघायची आणि वाटीबाहेर सोडायची. टप्. पुन्हा एक. टप्. माझा मुलगा तेरा वर्षं नेमका असाच जेवत आला आहे, त्यामुळे माझा संयम तयार होता.

मूग मात्र तिने खाल्ले. डाव्या पायात एक मोड धरायचा, तो बोटासारखा तोंडाशी न्यायचा, चोचीने साल सोलायची, साल माझ्या शर्टावर टाकायची, आत काळी, जाड, करंगळीच्या टोकाएवढी जीभ दाणा फिरवत राहायची. काकाकुव्यांच्या जातीत बहुतेक सगळे डावखुरे असतात. आईला तेवढंच खटकलं. "डाव्या हाताने खाते बघ," म्हणून तिने दोन दिवस कितीच्या उजव्या पायाशी मूग धरून पाहिले. तिसऱ्या दिवशी बोटाला बँडएड लावून सांगितलं, "जाऊ दे, तिच्यात तसंच असतं."

हिरव्या मिरचीवरून मात्र मी आईला अडवलं. तिच्या माहेरी पूर्वी मिठू होता, तो मिरची खायचा, म्हणून हिलाही द्यायचीच. मी तिला सांगितलं की मुळात आपल्याकडचे पोपट पाळणं आता कायद्याने गुन्हा आहे, १९७२चा वन्यजीव कायदा आहे. आई म्हणाली, "मिठू त्याच्या आधी वारला." मग मी मिरचीबद्दल वाचलं. मिरचीचा तिखटपणा पक्ष्यांना जाणवतच नाही, त्यांच्या नसांना तो लागत नाही. किती माझ्यासमोर लवंगी मिरची पेरू खाल्ल्यासारखी कुरतडत बसली आणि आई काही बोलली नाही. ती न बोलता बघते तेव्हा जास्त त्रास होतो.

राळ्यांचा किस्सा सांगायलाच हवा. पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिलेट स्प्रे म्हणून वाळलेली कणसं मिळतात, पाकीट चांगलं महाग. आईने एक कणीस हातात घेऊन दाणे चोळले. "हे राळे आहेत!" तिच्या लहानपणी भोगीला राळ्याचा भात व्हायचा. पुढे राळे दिसेनासे झाले. साठ वर्षांनी भेटले ते मेलबर्नला, पक्ष्यांच्या फळीवर. मग जानेवारीत, बाहेर चाळीस अंश तापलेलं असताना, आईने ठरवलं की भोगीला हेच कांडायचे. बायको म्हणाली, "आई, पाकिटावर माणसांसाठी नाही असं लिहिलंय." आई म्हणाली, "पाखरू मरत नाही, मी मरते होय?" शेवटी भारतीय दुकानातून राळ्यांची पिशवी आणून तह केला. त्या दिवशी घरात दोघींनीच आवडीने राळे खाल्ले, एकीने तुपाबरोबर.

खाण्याइतकाच व्याप खेळण्याचा. गला हा मुळात टवाळ पक्षी. पाऊस आला की इथे हे लोक विजेच्या तारांना उलटे लटकून, पंख पसरून, ओरडत अंघोळ करतात. किती तेच कपडे वाळत घालायच्या दोरीवर करते आणि मी खाली झाडांवर फवारायची बाटली घेऊन उभा. अंगातून सतत पिठासारखी पांढरी पावडर झडते, त्यामुळे आमच्या घरात काळा कपडा कुणी घालत नाही. टीव्हीच्या रिमोटवर आता फक्त आवाज वाढवायचं बटण उरलंय. आवाज कमी करायचं तिने खाल्लं. भांडी, फर्निचर आणि माझी अब्रू यांपैकी तिने काय काय फोडलं ते सांगत बसत नाही.

डॉक्टरचं म्हणणं, हिला खायला कष्ट करायला लावा. म्हणून रोज रात्री मी टेबलाशी बसून जुन्या कागदांचे वीस बोळे करतो, प्रत्येकात एक-एक पेलेट लपवतो. बायकोने या उपचाराचा गाभा ओळखला आणि चिवड्याचा डबा माळ्यावर, नाताळच्या दिव्यांच्या खोक्यामागे ठेवला. मलाही आता कष्ट करावे लागतात. शिडी लागते.

एवढं करून वजन उतरेना. दर रविवारी सकाळी किती स्वयंपाकाच्या काट्यावर बसते. शून्य करायचं बटण तिने उपटल्यामुळे वाटीचं वजन तोंडी वजा करावं लागतं. ४१२वरून ४०५, मग पुन्हा ४१०. पेलेट मोजून, मूग मोजून, तरी ४१०. डॉक्टर म्हणाला, घरात कुणीतरी चोरून देतंय. मी मुलाकडे बघितलं, मुलाने माझ्याकडे.

आईची संध्याकाळ ठरलेली. इथे सहा वाजले की सांगलीत साडेबारा. तेव्हा मावशीचं जेवण उरकलेलं असतं आणि व्हिडिओ कॉल लागतो. ऑस्ट्रेलियाच्या आतल्या ओसाड भागात पूर्वी रेडिओवर एक वेळ राखून ठेवलेली असायची. शेकडो किलोमीटरवर एकेकट्या राहणाऱ्या बायका त्या वेळात एकमेकींशी मनसोक्त बोलायच्या, आणि त्या कलकलाटाला लोक 'गला सेशन' म्हणायचे. आमच्याकडे त्याला खराखुरा गलाही हजर. आई खुर्चीत, किती खुर्चीच्या पाठीवर, मावशी फोनमध्ये. तिघी एकदम बोलायच्या. मी कधी त्या खोलीत शिरलो नाही, आणि तिथेच चुकलो.

फेब्रुवारीतल्या तपासणीला आईही आली होती. डॉक्टरने कितीला टेबलावर घेतलं, पोट चाचपलं, काटा बघितला, कपाळाला आठ्या घातल्या. तेव्हा कितीने मान तिरकी केली आणि स्वच्छ, सांगलीच्या मराठीत, आईच्या दबक्या आवाजात म्हणाली, "घे गं बाई. कुणाला सांगू नको."

डॉक्टरने विचारलं, "व्हॉट डिड शी से?"

आईच्या स्वेटरच्या खिशात भाजलेले शेंगदाणे निघाले. साल काढलेले. "दोनच देते रे रोज," ती म्हणाली. मग, "चार." गाडीत बसल्यावर, "तोंडाकडे बघते ना ती." बायको मागून म्हणाली, "आई, शेंगदाण्यातही निम्मं तेलच असतं." आईने काचेबाहेर बघत उत्तर दिलं, "आम्ही त्याच्यावरच मोठे झालो."

घरी येईपर्यंत मी आईला बरंच ऐकवलं. सगळ्यांनी माझं ऐकून घेतलं. जेवताना सगळे गप्प असताना किती पिंजऱ्यातून एक आवाज काढायला लागली. आधी शिडी सरकल्याची करकर. मग पत्र्याच्या डब्याचं झाकण उघडल्याचा टक्. मग कुरुम, कुरुम, कुरुम. मध्ये एक खोकला, माझा. मग पुन्हा टक्. बायकोने शांतपणे वाटीतलं ताक संपवलं आणि विचारलं, "किती?"

"काय?" असं किती म्हणाली. तिला वाटलं तिलाच विचारलं.

मार्चमध्ये आई परत गेली. विमानतळावर तिने मला दोन आणि कितीबद्दल अकरा सूचना दिल्या. त्यानंतर कितीचं वजन खरंच उतरायला लागलं. ३९०, ३७६, मेअखेर ३५८. डॉक्टर खूश आहे. अशीच राहिली तर अजून तीस वर्षं आरामात काढेल म्हणाला. या जातीत कुणाचं काही सांगता येत नाही. कितीच्या लांबच्या नात्यातला कुकी नावाचा एक काकाकुवा सिडनीहून अमेरिकेतल्या ब्रुकफील्डच्या प्राणिसंग्रहालयात गेला आणि २०१६मध्ये वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी वारला. हिशोब केला तर किती माझ्या तेराव्याला असणार. मुलाला विचारून ठेवलंय. तो म्हणाला, बघू.

माझं वजन ८५.

परवा रात्री अकराच्या सुमाराला झोप येईना, म्हणून मी अंधारातच स्वयंपाकघरात गेलो. शिडी घेतली नव्हती, फक्त पाणी प्यायला, खरंच. पिंजऱ्यावर चादर होती. आतून पंख झटकल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काही नाही. मग अगदी हळू, आईच्या आवाजात, "घे गं बाई. कुणाला सांगू नको."

ओट्यावरच्या बरणीत आईने भाजून ठेवलेल्यातले थोडे दाणे शिल्लक होते. मी चादरीचं टोक उचलून एक आत धरला. डावा पाय पुढे आला.

एक दाणा अर्ध्या ग्रॅमचा असतो आणि आमचा काटा एका ग्रॅमच्या खालचं दाखवत नाही. दोन दिले असते तर दाखवलं असतं, म्हणून दुसरा मी खाल्ला.